खडूचा बंपर

कुपवाडच्या भंगारात साखर कारखान्याच्या
बॉयलरच्या नळ्या आल्यात,
दस्तगीरचा फोन आला तेव्हा
मी तासगावात बेदाणा भरत होतो.
चारशे बॉक्स. पुढं जुना बंपर,
डाव्या अंगाला बाइंडिंग तारेनं बांधलेला,
खड्ड्यागणिक जबडा हलवणारा.

संध्याकाळी गेलो.
ढिगात काळ्या नळ्या, आतून पांढरी खरपुडी,
अंगावर शिवण नाही.
दस्तगीरनं पान्यानं एकेकीवर टोला मारला
आणि कान दिला,
कलिंगड घेताना देतात तसा.
"ही बद्द वाजती. ठेव.
हिचं पोट गंजानं खाल्लंय."

मला जाड हवी होती.
पाच मिलिमीटर. सहा असली तर सहा.
गळिताच्या दिवसांत बिनदिव्याच्या ट्रॉल्या
पलूसच्या रस्त्यावर अंधारागत उभ्या असतात.
म्हणालो, धडक झालीच तर समोरच्याचं जाऊ दे,
आपलं काही जायला नको.
दस्तगीरनं व्हर्निअर शर्टाला पुसला,
नळीच्या तोंडाला लावला.
"तीन पुरे."
"तीनच?"
"बंपरनं वाकायचं असतं.
तो नाही वाकला तर चासी वाकती.
चासी नाही वाकली, तर मग तू."

काटा झाला. एकतीस किलो.
भंगाराचा भाव, वर चहा माझ्याकडून.

वाकवायचं यंत्र त्याच्याकडं नाही.
नळीत वाळू ठासायची,
दोन्ही तोंडांना बाभळीचे दट्टे ठोकायचे,
कोळशावर लाल करून
लेलँडच्या जुन्या रिमवर वळवायची.
रिकामी वळवली की कोपऱ्यात चेपती, म्हणतो.
वाळू आधी कढईत भाजून घ्यायची:
थेंबभर ओल राहिली तर वाफ धरती
आणि दट्टा गोळीसारखा सुटतो.
शेडच्या पत्र्याला तसं एक भोक आहे.
त्यावर आता कॅलेंडर आहे.

मग शेडच्या जमिनीवर खडूनं बंपर काढला,
खऱ्या मापाचा. मी टेप धरला, त्यानं रेघ ओढली.
चासीला नवं भोक पाडायचं नाही,
जुन्याच चार बोल्टांत बसवायचा.
वेल्डिंग नको, उद्या काढावा लागला तर निघाला पाहिजे.
खालची नळी, वरची नळी, मध्ये तीन उभ्या.
आणि माझ्या हट्टाखातर
सगळ्यांवर एक कमान, दिव्यांच्याही वर.
मापानं खरंच रुबाबदार दिसत होती.
किती उंच येईल ते बघू म्हणून
शटरवरही एक आडवी रेघ मारली.

तेवढ्यात इरफान चहा घेऊन आला,
दस्तगीरच्या लुनावर, एका हातात किटली,
आणि शटरपुढंच गाडी लावून
बसल्या बसल्या कप मोजायला लागला.
सोळा वर्षांचा असेल.
रेघ त्याच्या गळ्यातून
एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर.

दस्तगीर त्या वेळी विडी पेटवत होता.
त्यानं बघितलं की नाही, मला माहीत नाही.

चहा संपल्यावर मी खाली बसलो
आणि कमान तळहातानं पुसली.
खालची नळीही चार इंच खाली घेतली,
लुना आत जाणार नाही एवढी.
"सात किलो वाचले," दस्तगीर म्हणाला. तेवढंच.
मग वाकून खालच्या नळीवर
करंगळीएवढा एक गोल काढला.
"हे कशाला?"
"कितीबी बंद कर, पाणी आत शिरतंय.
बाहेर पडायला वाट ठेवावी."

रात्री तोच तारेचा बंपर घेऊन निघालो,
बेदाणा कराडला सकाळी पोचवायचा होता.
ट्रॉल्या उभ्या होत्या ठिकठिकाणी.
एकीच्या मागं कुणी तरी
पांढरं पोतं अडकवलं होतं, दिसावं म्हणून.
गिअर टाकताना ध्यानात आलं,
हात धुवायचा राहिलाय.
स्टिअरिंगला, मुठीएवढ्या जागेत,
कमानीचा खडू लागला होता.